सभासद क्रमांक अकरा

ही हकिगत मी साठ वर्षांहून अधिक काळ टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. चिंचवडच्या जुन्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मी नदीबद्दल बोलायचो, कारखान्याच्या भोंग्याबद्दल बोलायचो, आणि बोलता बोलता दामलेबाईंच्या नावापाशी येऊन पोचलो की चहा मागायचो. आता बायको नाही. आमचे घरमालक बाबूराव जाऊन चाळीस वर्षं झाली. हे ऐकून ज्यांना राग आला असता ती सगळी माणसं गेली. म्हणून सांगतो आहे. यात धाडस काही नाही, एवढं आधीच कबूल करतो.

मागच्या महिन्यात गावातल्या वाचनालयाच्या जुन्या खोल्या रिकाम्या केल्या. फाटकी पुस्तकं बाहेर ओट्यावर मांडून ठेवली होती, ज्याला हवं त्याने न्यावं. सून मला रिक्षातून घेऊन गेली. काठी टेकत मी त्या ओळींमधून फिरत होतो आणि निळ्या कापडी बांधणीचं एक पातळ पुस्तक दिसलं. उचलण्याआधीच ओळखलं. 'तहानलेला तारा'. आत नाव, 'वत्सला दामले'. त्याखाली बारीक टाइपात, 'एका इंग्रजी चित्रपटावरून'. पुढचं पान जवळजवळ कोरं, मध्ये एकच शब्द: 'सांगणाऱ्यास'.

आणि शेवटी, चिकटवलेली चार आखीव पानं. कसरीने त्यांना भोकं पाडली होती. गव्हाच्या खळीने चिकटवलेला कागद किड्यांना आवडतो, कडा सगळ्या खाल्लेल्या होत्या. माझ्या दोन ओळींना मात्र काही झालं नव्हतं.

त्या काळी पिंपरीला दोन वास होते. एक औषधाच्या कारखान्याचा. ज्या बुरशीपासून औषध व्हायचं, तिला मक्याचं आंबवण खायला घालत. त्याचा गोडसर, कुबट वास कपड्यांत बसायचा, डोक्यावरून पाणी घेतलं तरी जायचा नाही. दुसरा निर्वासितांच्या छावणीतला, खाटांवर वाळत घातलेल्या पापडांचा, मिरी-हिंगाचा. मी बाटल्या धुण्याच्या खात्यात होतो. दिवसभर काचेवर काच किणकिणायची. सुटी झाली तरी तो आवाज कानात राहायचा, आणि सायकलवरून चिंचवडला परतताना वडांच्या सावलीत तो हळूहळू विरायचा. मुंबई-पुणे रस्ता तेव्हा दोन ट्रक समोरासमोर आले की भरून जायचा. आकुर्डीला जोंधळा उभा असायचा. काळेवाडी म्हणजे नदीपलीकडची थोडी घरं आणि बरीच कुत्री. आज तिथे सूनबाईंच्या मैत्रिणी सहाव्या मजल्यावर राहतात.

मी सातारा जिल्ह्यातून आलेला, म्हणून गावात माझं नाव सातारकर पडलं. बाबूरावांच्या घरात मागच्या अंगाला एक खोली मला होती आणि अंगणापलीकडच्या दोन खोल्या दामलेबाईंना. बाई गावच्या शाळेत तिसरीला शिकवायच्या. वय तिशीचं, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात फक्त त्या आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई दिवसभर कापसाच्या वाती वळायच्या. त्यांच्या मांडीवरच्या कापसाचे तंतू अंगणभर उडायचे, आमच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांना चिकटायचे.

वाचनालयाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथल्या एका पद्धतीमुळे झालं. वाचनालय चालवायचे नाना. पोस्टातून निवृत्त झालेले, टोपी कधी न काढणारे. गावातल्या वाचकांना पुस्तकात लिहायची खोड होती. समासात शेरे, शब्दांखाली रेघा, आणि रहस्यकथा असली तर पहिल्याच पानावर खुन्याचं नाव. नानांनी दंड करून पाहिला, चिडून पाहिलं, आणि शेवटी हार मानून एक युक्ती काढली. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या शेवटी ते चार आखीव पानं चिकटवायचे. जे लिहायचं ते इथे. नाव लिहायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. आणि दोन ओळी लिहिल्याशिवाय पुस्तक परत घ्यायचं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता, वाचनालयाच्या पडवीत, नाना ते अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवायचे. चेहरा कोर्टातल्या कारकुनासारखा. पुरुष पडवीत, बायका आतल्या खोलीत जाजमावर. गावात दुसरी करमणूक नव्हती. नुसते क्रमांक असले तरी कुठला क्रमांक कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि ठाऊक नसल्यासारखं ऐकण्यातच खरी गंमत होती.

अकरा क्रमांक बाबूरावांचा. गावातली जुनी शेतकरी असामी, पांढरा पटका, मिशा पिळलेल्या, शाळेच्या कमिटीवर सभासद. दर शनिवारी ते एक जाड पुस्तक न्यायचे आणि आठवडाभर झोपाळ्यावर शेजारी ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. त्यांना वाचता येत नव्हतं. सहीसाठी नावाची चार अक्षरं तेवढी गिरवून ठेवलेली. हे त्यांच्या बायकोला माहीत होतं आणि मला, कारण शनिवारी दुपारी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे.

"सातारकर, आमच्या दोन वळी लिवा की."

"कसं काय होतं पुस्तक, बाबूराव?"

"त्ये तुमी सांगायचं. पर जरा रागानं लिवा. समदं ग्वाड ग्वाड लिवलं की मानसानं वाचलंच न्हाई असं वाटतं."

मी डाव्या बाजूला कललेलं वाकडंतिकडं अक्षर काढून लिहायचो. 'मधला भाग पाल्हाळिक.' 'नायकास अक्कल कमी.' रविवारी नाना ते वाचायचे, चष्म्यावरून बाबूरावांकडे बघायचे आणि म्हणायचे, "अकरा नंबरची धार वाढत चालली आहे हं." बाबूराव मिशीत हसायचे. संध्याकाळी मला चाकणच्या सोयऱ्यांकडून आलेले कांदे मिळायचे.

त्या हिवाळ्यात माझा मामेभाऊ मला खडकीच्या लष्करी थिएटरात इंग्रजी चित्रपटाला घेऊन गेला. आकाशातून माणसं येतात असा चित्रपट. चार शब्दांतला एक कळत होता. कोणत्या तरी ताऱ्यावरचं पाणी आटतं, म्हणून तिथले लोक आपल्याकडे पाणी शोधायला येतात. एका बेटावर त्यांचं यान उतरतं. तिथे सैनिक आहेत. शेवटाकडे एक सैनिक बंदूक उचलून त्या तहानलेल्या पाहुण्यावर धरतो, आणि तेवढ्यात मामेभावाने माझा दंड ओढला, कारण लोणावळ्याकडची शेवटची गाडी चुकली असती. आम्ही पळत स्टेशन गाठलं. शेवट मी पाहिलाच नाही.

पण सांगितला सगळा. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत, रविवारच्या दुपारी, चार रविवार. ऐकायला सासूबाई आणि बाई. सासूबाईंनीच आधी विचारलं होतं, "काय रे बाबा, काय पाहून आलास?" न कळलेले संवाद मी मनाने बनवून सांगत होतो. बाईंच्या मांडीवर तिसरीच्या मुलांचे जुने परीक्षेचे पेपर असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर त्या पेन्सिलीने काहीतरी लिहून घ्यायच्या.

"ते लोक दिसायला कसे होते?"

"ओठ फुटलेले. उन्हाळ्यात शेताची भेग असते ना, तसे."

"मग?" चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं. "बंदूक उचलली, पुढे?"

"पुढे काय, संपला."

"झाडली का पण?"

"झाडली असेल," मी म्हणालो. "सैनिकच तो."

सासूबाई म्हणाल्या, "मेला, एवढ्या लांबून पाणी प्यायला आला आणि गोळी खाल्ली." बाई पेन्सिल कागदावर टेकवून बसून राहिल्या.

पुढल्या वर्षी पुस्तक आलं. पुण्याच्या एका छापखान्याने छापलं होतं. नानांनी घेतलं, पाठीमागे पानं चिकटवली, आणि गावातल्या बाईने लिहिलेलं पुस्तक म्हणून त्यावर उड्या पडल्या. बेट जाऊन त्याच्या जागी आमच्या पवनेचा काठ आला होता. यान चिखलीकडच्या पडीक रानात उतरतं. पाहुणा रांगत नदीवर येतो, धुणं धुणारी एक बाई त्याला पाहते. शिपाई बंदूक धरतो, पण झाडत नाही, कारण ती बाई मध्ये उभी राहते आणि हातातल्या तांब्याने त्या परक्याला पाणी पाजते. पिऊन झाल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. त्याच्या ताऱ्यावर एवढं पाणी कोणाच्या अंगात उरलेलंच नसतं. तो गालाला बोट लावून विचारतो, "हे काय?" पुस्तक तिथे संपतं.

शेवट त्यांचा होता, सगळा त्यांचा. मी सांगितलेल्या ताऱ्यापेक्षा तो फार मोठा होता. हे मला तेव्हाही कळलं, आणि तेच मला सोसलं नाही.

मी माझं नाव शोधत होतो. प्रस्तावनेत नाही, शेवटी नाही. 'सांगणाऱ्यास'. बाटल्या धुणाऱ्या माणसाला कुठल्यातरी छापील कागदावर आपलं नाव दिसेल असं वर्षभर वाटत होतं, आणि मिळालं हे. मी अंगणात त्यांना गाठलं. त्या रहाटावरून पाणी काढत होत्या.

"नाव घालायला काय हरकत होती?"

त्यांनी दोर तसाच धरून ठेवला. "तुमचं नाव? माझ्या पुस्तकात?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सातारकर, हे तुम्हाला सांगावं लागावं म्हणजे कमाल आहे."

आज त्या वाक्याचा अर्थ लख्ख दिसतो. विधवा शिक्षिकेच्या पुस्तकात शेजारच्या खोलीतल्या अविवाहित पुरुषाचं नाव. त्यांनी त्यांचं घर सांभाळलं होतं आणि मलाही. तेवीस वर्षांच्या मला ते ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं की बाटल्या धुणाऱ्याचं नाव पुस्तकात शोभत नाही.

त्या शनिवारी बाबूराव नेहमीसारखे दारात आले. हातात 'तहानलेला तारा'.

"लई बोलत्यात म्हनं गावात ह्याच्यावर. आमचंबी असू दे. रागानं."

मी दौत उघडली. लिहायला किती वेळ लागला असेल? पाहुण्याने तांब्याभर पाणी प्यावं तेवढाही नाही. डावीकडे कललेलं अक्षर, आणि खाली अकरा. बाबूरावांनी शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

रविवारी पडवी भरली होती. उन्हाची तिरीप नानांच्या टोपीवर. ते वाचत होते आणि लोक हसत होते.

"सभासद आठ. यान उतरते तो भाग उत्तम. पुढे नदी फार आहे."

"सभासद बावीस. परग्रहावरील मनुष्य मराठी बोलतो हे पटत नाही. निदान हिंदी बोलावयास हवे होते."

"सभासद एकतीस. मूळ चित्रपट पाहिलेला नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. चित्रे हवी होती."

"सभासद पाच. परक्यास गावाच्या मुख्य घाटावर पाणी पाजले. त्याची जात कोणी विचारली होती काय?" इथे काही जण हसले, काही जण जमिनीकडे बघत राहिले.

"सभासद चौदा. रडू आले. कशामुळे ते सांगता येत नाही."

मग नाना थांबले. ओळ त्यांनी आधी मनात वाचली, हे त्यांच्या ओठांवरून कळलं. एक अभिप्राय गाळून पुढे जाता आलं असतं. पण कोणाचाही अभिप्राय गाळायचा नाही हा त्यांचाच नियम, आणि नियमाच्या माणसाला वेळेवर नियम मोडणं सुचत नाही.

"सभासद अकरा," नाना म्हणाले. "लेखिकेने हा इंग्रजी चित्रपट कोठे, आणि कोणाच्या सोबतीने पाहिला, याचा खुलासा प्रस्तावनेत हवा होता."

 मग मागे कोणीतरी नाकातून हसलं. आतल्या खोलीत जाजमावर कोणी उठल्याचा आवाज झाला, मागचं दार करकरलं, आणि सासूबाईंची काठी गल्लीच्या फरशीवर टेकत टेकत लांब गेली. ती काठी एकटी नव्हती. तिच्यापुढे कोणीतरी भराभर चाललं होतं.

"बाबूराव, नेमक्या जागी बोट ठेवलंत राव," शेजारचा म्हणाला.

बाबूरावांना आपण काय लिहिलं आहे हे आत्ताच, इतरांसारखंच, कळत होतं, आणि तेही पुरतं नाही. पण सगळी पडवी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पटका सारखा केला.

"मंग? इचारायला नको व्हय? आमी कमिटीवर हाय."

घरी आल्यावर ते सरळ माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"काय लिवलं हुतं रं त्यात? नीट सांग."

मी सांगितलं. ते माझ्या ट्रंकेवर बसले. बराच वेळ मिशीचं एकच टोक पिळत राहिले.

"बाईमानसाचं असलं? आरं, तिची सासू माझ्या आयची मैतरीन."

"मग उद्या सांगा की, मी लिहिलं नाही म्हणून."

"आन् कुनी लिवलं म्हनू?" त्यांनी दाराकडे पाहिलं. "मला लिवता येत न्हाई, हे सांगू गावाला? कमिटीला सांगू?"

मी दौतीचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

"तू सांग की मंग. तूच लिवलंस म्हनून सांग."

मी बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिलो. त्यांनी वाट पाहिली. मग उठले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. इसरत्यात लोकं चार दिसांत." जाताना त्यांनी दार उघडंच ठेवलं.

लोक विसरले नाहीत. पुस्तक हातोहात फिरत राहिलं, पण आता कोणी पुढून वाचत नव्हतं. पहिली मागची पानं उघडायचे. 'अकरा नंबरशी सहमत.' 'खडकीस शेवटचा खेळ किती वाजता सुटतो?' 'पाणी पाजण्याचा अनुभव दिसतो.' ही पानं आत्ता माझ्यासमोर आहेत. अक्षरं बहुतेक ओळखू येतात. चांगली माणसं होती. अडल्यानडल्याला खांदा द्यायला पहिले येणारी. नानांनी दुसऱ्या रविवारनंतर वाचन बंद केलं, ते पुन्हा कधी सुरू केलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात कमिटीने बाईंना बुधवारी सकाळी अकराला बोलावलं. आदल्या दिवशी संध्याकाळी बाई अंगण ओलांडून आल्या. सासूबाईंना सोबत घेऊन आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या.

"सातारकर, उद्या शाळेत याल का? दोनच गोष्टी सांगायच्या. मी चित्रपट पाहिलेला नाही, तुम्ही तो आम्हाला सांगितला. आणि सांगताना ह्या समोर बसलेल्या असायच्या."

"बाबा, तेवढं कर," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या पदराला कापसाचे तंतू लागले होते. "माझं ऐकतील ते? मी घरचीच."

"येतो ना," मी म्हणालो. "त्यात काय."

बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतक्या दिवसांत त्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं नाव मी आपणहून घेणार नाही. तुम्ही आलात तरच."

माझी त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. सकाळ मोकळी होती. पण कमिटीपुढे उभं राहायचं म्हणजे बाबूरावांपुढे उभं राहायचं, आणि तिथे कोणी ते पान पुढे केलं असतं तर? मला दोन ओळी लिहून दाखवायला सांगितल्या असत्या तर? सकाळी सहाला मी कारखान्याच्या फाटकावर होतो. मुकादमाला सांगितलं, आज पहिली पाळी द्या, संध्याकाळी गावाकडचं कोणी येणार आहे.

त्या सकाळच्या बाटल्या मला आठवतात. गरम सोड्याच्या पाण्यातून बाहेर येणाऱ्या, ओळीने उलट्या लावलेल्या, प्रत्येकीच्या तोंडातून वाफ. अकरा वाजले. मी धूत राहिलो. एक हातातून सुटून फुटली, तिच्या काचा वेचल्या. बाराचा भोंगा झाला तेव्हा कळलं की आता जाऊन उपयोग नाही, आणि, खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो, मला सुटल्यासारखं वाटलं.

शाळेत काय झालं ते बाबूरावांनी सांगितलं, तेही मी न विचारता.

"कुनी सांगितला पिच्चर म्हनून इचारलं तिला. ती म्हनली, सांगनारे येनार हायेत. मंग बसलो समदे. घड्याळ टकटक करतंय. साडेअकरा झालं. हेडमास्तर म्हनले, नाव तरी सांगा बाई. न्हाई सांगितलं तिनं." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "म्या खाली बगत बसलो हुतो. तू कुटं हुतास ते म्या न्हाई इचारनार."

बाईंनी राजीनामा लिहून दिला, की लिहून घेतला, मला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्या न्हाणीघरातून धूर येत होता. लाकडाचा धूर वेगळा असतो. ह्याला कागदाचा करपट वास होता आणि अंगणात काळ्या पातळ पापुद्र्यांची राख उडत होती. काही पापुद्र्यांवर पेन्सिलीच्या ओळी अजून चमकत होत्या. दुसरी कादंबरी सुरू झाली होती हे मला माहीत होतं, कारण सुटीच्या दुपारी त्या खिडकीशी लिहीत बसलेल्या अंगणापलीकडून दिसायच्या. ती कुठल्याही चित्रपटावरून नव्हती. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या हातात त्या दिवशी कापूस नव्हता.

दोन दिवसांनी त्या दोघी गाव सोडून गेल्या. टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला तेव्हा मी खोलीत होतो, दार लावून.

वर्षभरातच रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला. अख्खं गाव संध्याकाळी गच्च्यांवर, गंजींवर चढून माना वर करून उभं राहिलं. कोणाला खरंच दिसला की नाही, देव जाणे, पण सगळे दिसला म्हणाले. आणि मग लोकांना 'तहानलेला तारा' आठवला. पुन्हा मागणी आली. चौथ्या पानावर तळाला तेव्हाचे अभिप्राय आहेत. 'लेखिकेस दूरदृष्टी होती.' 'अशा लेखिका आपल्या गावी होत्या याचा अभिमान वाटतो.' अकरा क्रमांकाचा अभिप्राय त्यात नाही. बाबूरावांनी वाचनालय सोडलं होतं. झोपाळ्यावर त्यांच्या शेजारची जागा मोकळी असायची. मला कांदे देणं मात्र त्यांनी बंद केलं नाही, आणि ते कांदे मी खात राहिलो.

मग माझं लग्न झालं, मी कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेलो. आकुर्डीचा जोंधळा गेला, भोसरीच्या माळावर शेड उभ्या राहिल्या, पवनेचं पाणी धुण्यापुरतंही उरलं नाही. मुलं शिकली. मी धुण्याच्या खात्यातून तपासणीच्या खात्यात गेलो. उजेडासमोर बाटली धरायची आणि आत कण दिसतो का बघायचं, हे माझं काम होतं, वीस वर्षं.

निवृत्त झालो त्या वर्षी बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून पत्ता मिळाला. वाईच्या बाजूला एका लहान गावात त्या एकट्या राहत होत्या, मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. सासूबाई तिथे गेल्यावर सहा महिन्यांतच वारल्या, असं तो म्हणाला. मी एसटीने गेलो. काय बोलायचं ते पुणे सुटल्यापासून घोकत होतो. खंबाटकीच्या घाटात प्रत्येक वळणावर ते पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतो.

दार उघडंच होतं. त्या पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या, ताट अगदी डोळ्यांजवळ धरून. मोतीबिंदू झाला होता. मी नुसतं "बाई" म्हणालो.

हात थांबले. "सातारकर का?"

त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं. बायकोची, मुलांची चौकशी केली. चिंचवडला आता केवढ्या इमारती झाल्या म्हणतात, खरं का? नाना कसे गेले? मी उत्तरं देत होतो. पेल्याच्या तळाशी न विरघळलेली साखर होती.

"बाबूराव?"

"गेले. बरीच वर्षं झाली."

"चांगला माणूस," त्या म्हणाल्या. "त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. शाळेचे कागद आले की गुपचूप सासूबाईंकडे द्यायचे, माझ्याकडून वाचून घ्या म्हणून."

मग त्या बोलायच्या थांबल्या. ताट बाजूला ठेवलं, हात मांडीवर ठेवले आणि माझ्या दिशेने तोंड करून बसल्या. तिसरीच्या वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं पण ओठांवर येत नसतं, तेव्हा शिक्षिका बसते तशा. रागावल्या नव्हत्या. घाईतही नव्हत्या. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. किती वेळ गेला कोण जाणे, पण त्यांनी मला तो सगळा वेळ दिला. पस्तीस वर्षं त्यांना माहीत होतं.

मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "एसटीची वेळ झाली."

"हो," त्या म्हणाल्या. "निघा मग." आणि ताट पुन्हा डोळ्यांजवळ घेतलं.

दोन वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. घाटात घोकलेलं होतं ते एवढंच. बाई, ते अक्षर माझं होतं. त्या बुधवारी सकाळी मी मोकळा होतो. मला क्षमा करा.